जयाची साक्ष

दारव्ह्याजवळच्या त्या तांड्यात जयाची ओळख लहानपणी न बोलणारी पोरगी अशीच होती. शाळेत जायचं वय झालं तरी तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. घरच्यांनी भगत केले, यवतमाळचे दवाखाने केले. त्याच सुमारास तांड्यातला रूपसिंग नव्याने ख्रिस्ती विश्वासात आला होता. तो संध्याकाळी त्यांच्या ओसरीत बसून प्रार्थना करून जायचा. पुढे कधीतरी जया बोलायला लागली आणि तिची आई मोतीबाई प्रभूची झाली. ख्रिस्ती मंडळीच्या सभेत प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायची वेळ आली की मोतीबाई हेच सांगायची. जयाला ते मान्य नव्हतं. शब्द तिला आधीपासून येत होते, फक्त बोलावंसं वाटत नव्हतं, असं तिचं म्हणणं होतं.

ऑटिझम हा शब्द घरात आला तो फार उशिरा, जयाने पंचविशी ओलांडल्यावर. धाकटा भाऊ संजय तिला यवतमाळला घेऊन गेला होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, हा आजार नाही, तिची घडणच तशी आहे. आवाज, उजेड, अंगाला लागलेला हात हे सगळं तिला इतरांपेक्षा फार जास्त जाणवतं. जयाला ऐकून हलकं वाटलं. मोतीबाईनेही मान डोलावली आणि जया बरी व्हावी म्हणून चालू असलेली प्रार्थना तशीच चालू ठेवली.

जया घरी साड्यांना पिको-फॉल करून द्यायची. रूपसिंग आता मंडळीचा पाळक झाला होता आणि त्याच्या घराशेजारी प्रार्थनेसाठी पत्र्याचा हॉल उभा राहिला होता. ढोलक, कीबोर्ड आणि स्पीकर सुरू झाले की पत्रे थरथरत. गाणी होईपर्यंत जया बाहेर थांबायची आणि संदेश, म्हणजे प्रवचन, सुरू झाला की आत यायची. येशू गर्दी सोडून एकटाच डोंगरावर निघून जायचा, हा भाग तिला फार आवडायचा. तो तिने रूपसिंगकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतला होता. सकाळी ती शेताच्या धुऱ्यावर, बांधाबांधाने चालत एकटीच प्रार्थना करायची. तांड्याच्या पहिल्या घरापासून सुरू करून प्रत्येक घरासाठी, ओळीने. घर विश्वासी असो की नसो, भांडलेलं असो की नसो, ओळीत आलं की त्याच्यासाठी मागायचं.

मागच्या उन्हाळ्यात बाहेरगावचे एक प्रचारक तीन दिवसांच्या शिबिराला आले. महिला मंडळाचं काम पाहणाऱ्या बबिताने त्यांना जयाबद्दल सांगितलं. शेवटच्या सभेत त्यांनी जयाला पुढे बोलावलं. ती उठली नाही, तेव्हा बायांनी तिला धरून नेलं. डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हात पडले आणि माइकवर ओरडून ओरडून प्रार्थना सुरू झाली. जया किंचाळली, तिने हातपाय झाडले. तिचं कोपर बबिताच्या तोंडावर बसलं आणि ओठातून रक्त आलं. तिच्यातला दुष्ट आत्मा विरोध करतो आहे, असं प्रचारकांनी माइकवर सांगितलं. जया सुटली आणि पळत तुरीच्या रिकाम्या वावरात जाऊन बसली. मोतीबाई तिथे गेली, पण तिच्यापासून लांबच उभी राहिली. तिला लाज वाटत होती, आणि ती लाज नेमकी कशाची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर जयाने हॉलमध्ये जाणं सोडलं. बरेच महिने गेल्यावर रूपसिंग घरी आला. ती मशीनवर होती. तो दाराशीच बसला.

“प्रभूवर राग हाये का तुले?” त्याने विचारलं.

“नाही. हातांवर हाये.”

त्या दिवशी मीच थांबवायला पाहिजे होतं, असं तो म्हणाला. जयाने मशीन बंद केलं आणि मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे, असं सांगितलं.

याची त्याला अपेक्षा नव्हती. मोतीबाई आतून बाहेर आली. आधी बरी तर हो, मग घेऊ, असं ती म्हणाली. ती हे कित्येक वर्षं म्हणत आली होती.

“याडी,” जया आईला म्हणाली, “मी बरी होऊन नाही राह्यली. मी अशीच हाये. अशीच घेतो.”

बाप्तिस्म्याआधी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांसमोर साक्ष द्यावी लागे. बबिताही तिथे होती. मन शांतीने भरून आलं, डोळ्यांतून पाणी आलं, असं बहुतेक जण सांगत. रूपसिंगने जयाला विचारलं, प्रभू जवळ आहे असं तुला कधी वाटतं का? जयाने विचार केला आणि ती नाही म्हणाली.

मग बबिता म्हणाली की जिला काही वाटतच नाही तिला बाप्तिस्मा कसा द्यायचा.

“मले वाटत नाही,” जया म्हणाली. “मले मालूम हाये. तो हाये, आन् मी त्याची हावो. वाटाची काहून गरज हाये?” मग बबिताकडे न बघता तिने पुढे सांगितलं, “तुमच्या घरासाठी मी रोज मांगतो. तुमचा ओठ फुटला तेव्हाही मांगलं.”

बबिताने पुन्हा विरोध केला नाही. होही म्हणाली नाही. रूपसिंगने दिवस ठरवला.

तो कार्यक्रम गावापासून दूर एका तलावावर झाला. एरवी पाळक माणसाला धरून मागे झुकवतो आणि पाण्याखाली नेतो. जयाने आधीच सांगून ठेवलं होतं की मला धरायचं नाही, मी स्वतः बुडेन. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याला हे नियमाला सोडून वाटलं. रूपसिंगने, नाव मी घेतो, पाणी ती घेईल, एवढंच उत्तर दिलं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि त्याने पित्याचं, पुत्राचं व पवित्र आत्म्याचं नाव उच्चारलं. जयाने नाक दाबलं आणि ती खाली गेली.

ती लगेच वर आली नाही. काठावरची मोतीबाई चपला काढून पाण्यात उतरू लागली. तेवढ्यात जया वर आली. टाळ्या वाजवू नका असं सांगितलेलं असूनही दोघांतिघांनी वाजवल्याच. जयाने कान झाकले आणि ती लांबच्या बाजूने काठावर चढली.

परतताना मायलेकी काळीपिवळी जीपमध्ये बसल्या. गाडी अजून भरायची होती. मोतीबाईने टॉवेल पुढे केला, पण स्वतः पुसायला गेली नाही.

“पाण्यात काय झालं?” तिने विचारलं. “येवढा वेळ काहून लागला तुले?”

“तिथं कोनाचाच आवाज नोता,” जया म्हणाली. “म्हनून थांबली.”

मोतीबाईला आणखी विचारायचं होतं. पण ड्रायव्हरने आणखी माणसं आत कोंबली आणि जया उठून पुढच्या सीटवर, खिडकीशी जाऊन बसली.