चित्र्या जवळ आला नाही

मधुसूदन चाकणच्या कंपनीतून घरी आला, की त्याची नजर आधी फरशीकडे जाई. कधी पायपुसणं ओलं, कधी नवी चप्पल कुरतडलेली. ज्यांच्या फ्लॅटमध्ये कुत्रं आहे, त्यांना हे नवं नाही. आठ महिन्यांचा कोको दिवसभर घरात एकटा असे, कारण बायको अरुंधती शाळेत शिकवायला जाई आणि नऊ वर्षांची सुखदाही तिच्या शाळेत असे. मग संध्याकाळी मधुसूदन वर्तमानपत्राची गुंडाळी करी, कोकोला ओढत पायपुसण्यापाशी नेई आणि दोन फटके देई. अरुंधतीने हटकलं तर म्हणे, "शिस्त नको का लावायला?"

एका रविवारी कोकोने सुखदाची चित्रकलेची वही फाडली. तिने बाबांसारखीच गुंडाळी केली, त्याला कोपऱ्यात गाठलं आणि हात उगारला. कोको गुरगुरला, पण ती मागे सरली नाही. पुढच्या क्षणी त्याचे दात तिच्या मनगटात रुतले.

दवाखान्यात जखम धुऊन, इंजेक्शन घेऊन मंडळी परतली. मधुसूदनने कोकोला पट्टा लावला आणि खाली पार्किंगमध्ये आणलं. त्याला लांब कुठेतरी सोडून यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

खाली बाकावर मारुतराव बसले होते. ते इथल्याच मोशी गावचे. सोसायटी उभी राहिली ती त्यांच्याच शेतावर, आणि आता ते इथेच राहत होते. मधुसूदनने त्यांना सगळं सांगितलं. मारुतरावांनी समोर उभ्या गाड्यांकडे बोट दाखवलं.

"ह्या गाड्या हायत ना, हितं आमचं कांद्याचं वावर व्हतं," ते म्हणाले. "चित्र्या नावाचं कुत्रं व्हतं आमचं. आई बांधावर भाकरीचं फडकं ठेवून खुरपायला जायची. चित्र्या दुपारपत्तूर राखत बसायचा, पर तोंड लावायचा न्हाई."

"मारून शिकवलं असेल."

"न्हाई. पिल्लू असल्यापासनं आई भाकरी मोडायच्या आधी 'थांब' म्हनायची. थांबला, की पयला तुकडा त्याचा. रोज, न चुकता. मारलं ते मी. एकदा तो रोपात लोळला. मी तरणा, डोकं गरम. आसूडानं बडवला. त्या दिसापासनं माझं समदं ऐकायचा. पर आईच्या अंगावर उड्या मारायचा आनि मला बघितलं, की पोट भुईला लावायचा. पुढं सात वर्सं जगला, माझ्याजवळ कदी आला न्हाई. अजून वावर आठवलं, की चित्र्या लांब बांधावर बसलेला दिसतो."

"पण काका, हा माझ्या मुलीला चावलाय."

"चावला, खरंय. पर हात उगारायला पोरगी कुनाकडनं शिकली?"

मधुसूदनने कोकोकडे पाहिलं. कोको पट्ट्याच्या टोकाला, त्याच्यापासून जमेल तितका दूर बसला होता.

"सकाळी केलेल्या घाणीचा मार सांजच्याला दिला, तर त्याला काय उमगनार?" मारुतराव म्हणाले. "येळेवर खाली आना. नीट वागला, की तितंच घास द्या. दुपारी मी फिरवीन त्याला. मला तरी काय काम हाय?"

मधुसूदन कोकोला घेऊन परत वर गेला. सुखदापाशी बसून म्हणाला, "चूक कोकोची नाही, बाळा. माझी आहे. तू माझंच बघून केलंस."

पहिले काही आठवडे त्यांनी सुखदा आणि कोकोला वेगळं ठेवलं. कंपनीची बस यायच्या आधी मधुसूदन कोकोला फिरवून आणू लागला. दुपारी मारुतराव फ्लॅटची किल्ली घेऊन येत आणि फिरता फिरता कुठे विहीर होती, कुठे बांध होता, ते कोकोला सांगत. हळूहळू घरातली फरशी कोरडी राहू लागली. तीन महिन्यांनी सुखदा "बस" म्हणाली, की कोको बसायचा आणि तिच्या तळहातावरचा चपातीचा तुकडा अलगद उचलायचा. चप्पल तो अजूनही अधूनमधून पळवतो. मधुसूदनला पाहून मात्र आता कोपऱ्यात जात नाही.

मारुतरावांना चित्र्याचा विश्वास परत मिळवता आला नाही. आपल्यापैकी अनेकांना ती संधी अजून आहे. घाबरलेलं जनावर गप्प बसतं, पण शिकत नाही. शिस्त लागते ती रोजच्या सवयीने, वेळ दिल्याने आणि धीराने. आणि आपण कुत्र्याला शिकवत असतो, तेव्हा घरातलं मूल आपल्याकडे बघून शिकत असतं.