‘त’वर काढलेलं झाड

सोमवारी वर्गाला पाचच जणी आल्या तेव्हा मला वाटलं, कुणाकडे तरी साखरपुडा असेल. मंगळवारीही पाचच. बुधवारी मात्र माझं डोकं फिरलं. चौदा जणींचा वर्ग; त्यातल्या नऊ जणी बौद्ध वस्तीतल्या, आणि नेमक्या त्याच नऊ गायब. भांडण नाही, तंटा नाही. उलट शनिवारी सगळ्या हसत घरी गेल्या होत्या. जाताना भागुबाई मावशी म्हणाल्या होत्या, “परवीन, माजा व्हा आता बसायला लागला बग.” त्यांचं आडनाव ओव्हाळ. त्या ‘व्हा’नं त्यांना तीन आठवडे रडवलं होतं.

लोणावळ्याहून कुसगाव ओलांडून पुढे आलं की डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आहे. तिथे माझं शिलाईचं दुकान. दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवून मी बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. तळेगावच्या एका संस्थेतल्या शुभदाताईंनी हा वर्ग माझ्या गळ्यात मारला, आणि मग मलाच तो सोडवेना.

वर्गामागे एक काम होतं. वरच्या बंगल्यांचं आणि हॉटेलांचं उष्टं-खरकटं आमच्या ओढ्यात येऊन पडतं. लग्न होऊन आले तेव्हा ज्या पाण्यात मी गोधड्या धुतल्या, तिथे आता नाकाला पदर लावून जावं लागतं. बायकांचं म्हणणं एवढंच, की गायरानातला दोन गुंठ्यांचा तुकडा आम्हाला द्या, आम्ही ते खरकटं गोळा करून तिथे खत करतो. गेल्या वर्षी तसा अर्ज दिला, खाली अंगठे. ग्रामसेवक हसले. “अंगठे काय, कुणीही उमटवून आणतं. आत काय लिहिलंय हे बायकांना ठाऊक तरी आहे का?”

भागुबाई मावशी तिथल्या तिथे म्हणाल्या, “पुढल्या वर्साला मी वाचून दावते.”

पासष्टीची बाई, बंगल्यात झाडलोट करणारी, अक्षराशी कधी गाठ नाही. त्या दिवसापासून वर्ग सुरू झाला. आता एक मेची ग्रामसभा बारा दिवसांवर आली होती, आणि जिनं वाचायचं तीच येत नव्हती.

मी डोकं खाजवत बसले. त्या आठवड्यात नवीन एकच गोष्ट घडली होती, ती म्हणजे पाटी. वर्गाला नाव हवं म्हणून शुभदाताईंनी ‘हरित समाज’ असं सुचवलं. सोपा शब्द समोर आला की शुभदाताईंना चैन पडत नाही. माझा नवरा इर्शाद हॉटेलांच्या पाट्या रंगवतो. त्याला हौस आली. रविवारी बसून त्यानं हिरव्यागार अक्षरांत नाव लिहिलं, आणि ‘हरित’मधल्या ‘त’चं चक्क रोपटं केलं. काना म्हणजे खोड, डावीकडची गोलाई म्हणजे मोठं पान, वर दोन कोवळी पानं. बंद पडलेल्या बालवाडीच्या ज्या खोलीत वर्ग भरतो तिच्यासमोर, वस्तीच्या गल्लीच्या तोंडाशी, आम्ही ती रोवली. मी चार वेळा मागे जाऊन बघून आले. इतकी देखणी पाटी गावात दुसरी नव्हती.

सोमवारी सकाळी किराणावाला प्रदीप म्हणाला होता, “काय भाभी, हिरवीगार पाटी! मदरसा काढताय का काय?” तो थट्टेत म्हणाला, मीही हसले. पण बुधवारी ते वाक्य डोक्यात शिरलं ते निघेचना. हिरवा. या अल्ला. चोवीस वर्षं मी या बायकांचे ब्लाउज शिवतेय, कुणाचा डावा खांदा उतरता आहे हे मला पाठ आहे, आणि यांना माझा रंग दिसला? मला रडू आलं आणि राग आला. राग जास्त आला.

गुरुवारी भागुबाई मावशी बंगल्यावरून परतताना रस्त्यात भेटल्या. त्यांनी मान वळवली. मी काही सोडणाऱ्यांतली नाही.

“मावशी, वर्गाला का येत नाही?”

“आमाला न्हाई यायचं.”

“पण झालं तरी काय?”

“तुला ठावं न्हाई व्हय? लिवलंस तूच की!” एवढं बोलून त्या चालू लागल्या.

म्हणजे पाटीच. म्हणजे रंगच. मी शुभदाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “परवीनताई, सहभाग का घटला याची आपण कारणमीमांसा करू.” मी म्हटलं, करा, आणि फोन ठेवला. मग मी माझी अक्कल चालवली. वस्तीत पंचशील ध्वजाशेजारी निळा झेंडा असतो. निळा त्यांचा रंग, मानाचा. हिरव्यानं दुखावलं असेल तर निळ्यानं बरं वाटेल, असा माझा हिशोब.

“पाटी निळी कर,” मी इर्शादला सांगितलं.

“निळी? निळं झाड कुठे बघितलंस?”

“तू कर रे बाबा.”

त्यानं केली. शनिवारी सकाळी निळी पाटी उभी राहिली, निळ्या रोपट्यासकट. दुपारी दोनला भागुबाई मावशी आल्या. एकट्याच. मला वाटलं, जिंकले. पण त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

“परवीन, तू उपटती का मी उपटू?”

“अहो मावशी, हिरवा काढला की! तुमच्यासाठी निळा दिला.”

“आमच्यासाठी!” त्या उसळून म्हणाल्या. “त्ये नाव, आन वर निळा रंग. आमी कोन ते गावाला समजाया काय बाकी ठिवलंस?”

मी पुरती गोंधळले. “कुठलं नाव?”

“मला वाचाया येतं आता. तूच शिकवलंस.” त्यांनी पाटीकडे बोट केलं. “ह्यो ह. ह्यो र, त्याला वेलांटी, रि. म्होरलं झाडाआड लपवलंस. पुरतं लिवायची लाज वाटली व्हय? आन मग हितं समाज.”

मी पाटीकडे बघितलं. ह. रि. झाड. समाज. आठवडाभर मी ती पाटी दिवसातून दहा वेळा वाचत होते, म्हणजे वाचत नव्हतेच. काय लिहिलंय ते मला आधीच माहीत होतं. मावशींना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी खरोखर वाचलं होतं. त्यांनी काय वाचलं ते मला आत्ता कळलं.

त्या पायरीवर बसल्या. मीही बसले.

“मी धा वर्साची आसन,” त्या म्हणाल्या. मावशींचं माहेर आणि सासर एकाच गल्लीतलं. “ह्याच जाग्यावर पत्र्याची पाटी रोवली हुती पंचायतीनं. माजा बा, केरबा, त्याला अक्षर येत न्हवतं. मास्तरानं वाचून दावलं, हरिजन वस्ती. बा म्हनला, आमी बौद्ध झालो, आमाला आमचं नाव हाय, हे कुनी ठिवलं? पाटी उपटून पडवीत आनली. चार दिसांनी खांद्यावर टाकली आन दिवसाढवळ्या चालत वडगावला तालुक्याच्या कचेरीच्या दारात निऊन टेकवली. पर ते चार दिस मी तिच्यावर बोट फिरवत हुते. पयली दोन अक्षरं मला तवापासनं पाठ. वाचाया येत न्हवतं, पर ती दोन वळखत हुते.”

ती जागा मीच निवडली होती. तिथे सावली असते म्हणून.

“तो शबुद आमी घरात काडत न्हाई. लेकासुनेला बी सांगितलं न्हाई मी. बायास्नी येवडंच म्हनलं, तितं जायाचं न्हाई.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. “पासष्ट वर्सं वाचाया येत न्हवतं, परवीन. आन आपल्या आपन वाचलेला पयला शबुद त्योच निगाला. मग कशापायी शिकायचं, सांग मला.”

मी उठून पाटीपाशी गेले. “मावशी, ते झाड नाही. तो ‘त’ आहे.”

“कुटं?”

मी खोडावरून बोट फिरवलं, मग पानावरून. “हरित. हरित म्हणजे हिरवं.”

त्या डोळे बारीक करून किती तरी वेळ बघत राहिल्या. “ह्यो त?”

“हो.”

“आसा त तू शिकवला न्हाईस.”

खरंच होतं. मी मान खाली घातली.

“आन हिरवंच म्हनायचं हुतं तर हिरवं लिवायचं की सरळ!”

“हिरवं लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते...” मी थांबले. पण मावशींनी सोडलं नाही, तेव्हा प्रदीपची थट्टा सांगितली, माझा संशय सांगितला, निळा रंग का दिला तेही सांगितलं. त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

“म्हंजी तुला वाटलं, आमी तू मुसलमान म्हून यायचं सोडलं?”

“हो.”

“येडी का खुळी गं तू?” मग त्याच म्हणाल्या, “आन मी तरी काय केलं?”

इर्शाद ब्रश धुऊन तिथून चालला होता. मावशींनी त्याला हाक मारली. “इर्शाद, झाडं लाव, लय लाव. पर अक्षरावर लावू नगंस.” त्यानं मान डोलावली. त्याला काहीएक कळलं नव्हतं.

उठताना मावशींनी विचारलं, “चूक तुजी का माजी?”

“मला नाही सांगता येत.”

“मला बी न्हाई,” म्हणून त्या गेल्या. सभेला येते असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

सोमवारी वस्तीतल्या आठ जणी आल्या. मावशी नाहीत. “भागूआक्का म्हनती, वाचायचं भ्या वाटतंय,” त्यातली एक म्हणाली. इर्शादनं पाटी तिसऱ्यांदा रंगवली, साधी काळी अक्षरं, ‘त’ म्हणजे ‘त’. मावशी रोज तिच्यासमोरून बंगल्यावर जात होत्या. बघत होत्या की नाही, मला दुकानातून दिसत नव्हतं.

एक मेला सभा भरली. आमचा ठराव पुकारला तेव्हा मी दाराकडे बघत होते. ग्रामसेवक म्हणाले, “कोण वाचणार होतं?” मी कागद घेऊन उठणार, तेवढ्यात मागून आवाज आला, “मी हाय की.” मावशी आल्या, माझ्या हातातून कागद घेतला आणि त्यावर बोट ठेवलं.

पहिलाच शब्द तो होता. मी मूर्खासारखा तो तसाच ठेवला होता.

“ह,” मावशी म्हणाल्या. “रि.” आणि थांबल्या. मला पुढचं अक्षर सांगावंसं वाटत होतं. मी जीभ दाताखाली धरली. त्यांचं बोट हललं नाही, ओठ हलले, मिटले. मग बोट एक अक्षर पुढे सरकलं.

“त,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “हरित. म्हंजी हिरवं.” आणि मग, “समाज.”

अख्खा ठराव वाचायला त्यांना बराच वेळ लागला. ‘गायरान’ला अडखळल्या, ‘व्यवस्थापन’ सरळ ओलांडून गेल्या. कुणी हसलं नाही. हात वर झाले, विरोधात एकही नव्हता. ग्रामसेवकांनी वही पुढे केली आणि सवयीनं शेजारी शाईचा पॅड ठेवला. मावशींनी तो दोन बोटांनी बाजूला सारला आणि पेन घेतलं. भागुबाई हौशीराम ओव्हाळ. ‘व्हा’ थोडा तिरका आला, पण बसला.

परत जाताना आम्ही पाटीपाशी थांबलो.

“पयला त्योच ऱ्हानार,” मावशी पाटीकडे बघत म्हणाल्या. “त्याला काय विलाज न्हाई. पर आज दुसरा वाचला.”

मग पदर खोचून त्या गल्लीत वळल्या. “उंद्या दोनला येते,” त्यांनी आतून सांगितलं.