आठ महिन्यांचं कापड

"हे मी घेऊन जाते," फुसीआत्या वर्गाच्या दारातूनच म्हणाली.

मी गुडघ्यांवर बसून कापडाच्या कडेला शेवटचा रंग देत होते. "आत्या, हे मुलांच्या परीक्षेचं आहे गं. परवा परीक्षक येतोय विमानाने."

"आणि माझा नवरा उद्या मातीत जातोय. सासरचे विचारतील, माहेरून काय आलं? काय सांगू, भाची मास्तरीण आहे म्हणून?"

कपाळ माझं! आमच्या टोंगात बापाच्या बहिणीपुढे भलेभले गप्प बसतात, मग माझी काय कथा. मयताला माहेरच्यांनी सालीचं कापड न्यायचं असतं, आणि आमच्या घरात होतं नव्हतं ते सगळं वादळात भिजून गेलेलं.

हे कापड म्हणजे माझ्या सव्वीस पोरांचं अख्खं वर्ष. झाडाची साल त्यांनीच कुटली. विज्ञानाच्या तासाला धक्क्यावर काठी रोवून दर महिन्याची मोठी भरती मोजली, गणिताच्या तासाला ते माप लहान केलं आणि माझ्या तासाला काळ्या रंगात उतरवलं. आठ महिन्यांचे आठ खण. प्रत्येक खणात गावाचा नकाशा, आणि पाणी कुठवर आलं त्याची रेघ. निम्मे गुण यावरच होते. हेडमास्तरांनी बजावलं होतं, "लुपे, यंदा निकाल लागला नाही तर चित्रकलेचा वर्ग बंद. मग बस टायपिंग शिकवत."

मी सेलाकडे पाहिलं. वर्गातली सगळ्यात तोंडाळ पोरगी. वाटलं, ही तरी भांडेल. तिने मान खाली घातली.

"मिस, आत्या आहे ना ती," ती म्हणाली. मग बाकीच्यांवर खेकसली, "उचला रे दोन्हीकडून! कड ओली आहे, हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी मयताच्या अंगणात ते पसरलं तेव्हा आत्याची मान ताठ झाली. "काय सुरेख गं!" बायका म्हणाल्या. मग रिवाजाप्रमाणे खणाखणावर कात्री चालली. फेब्रुवारी पाद्रीबाबांना गेला, मार्च आत्याच्या थोरल्या दिराला. माझ्यामागे मुलं काळ्या कपड्यांत बसली होती, आणि दर कापाला कुणीतरी नाक ओढत होतं. उठून ओरडावंसं वाटलं. मी बसूनच राहिले. कसली शिक्षिका मी!

परीक्षक आला. "काम कुठंय?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सेला उभी राहिली. "फेब्रुवारी पाद्रीबाबांकडे, सर. मार्च दिराकडे. ऑगस्ट खाली मातीत, वारलेल्या आजोबांबरोबर."

तोही आमच्यातलाच, राजधानीतला. त्याने पेन खाली ठेवलं. "मलाही आत्या आहे, बाई. पण या रकान्यात मी लिहू काय?"

त्याने 'काम सादर नाही' असं लिहिलं आणि विमान गाठायला गेला.

दुपारी आत्याचा दीर मयताच्या जेवणाचा वाटा घेऊन आला. भाजलेलं डुक्कर आणि कंद, केळीच्या पानांत बांधलेले. "फुसीने पोरांसाठी पाठवलंय," तो म्हणाला. पुड्या बरोबर सव्वीस होत्या.

मुलं भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. मधे जिथे कापड असायचं, तेवढ्या फरशीवर कुणी पाय ठेवला नाही. समोरच्या रांगेत मीठ द्यायचं होतं, तर सेला वळसा घालून गेली.