पडद्याआडची आई

चैतालीचं पत्र येऊन दोन महिने झाले, तरी हिलाल सरांनी उत्तर धाडलं नव्हतं. फोनवर सरांना बोलणं सुचत नाही हे त्यांच्या या जुन्या विद्यार्थिनीला ठाऊक, म्हणून पत्र. ती आता पांडेसऱ्यातल्या मराठी शाळेत शिकवत होती. सरांचं नाटुकलं तिने सातवीला बसवायला घेतलं होतं. त्यात पोरीची शाळा बंद करायची की नाही, हे चार पुरुष खाटेवर बसून ठरवतात आणि आई शेवटपर्यंत पडद्याआडून बोलते. तिला बाहेर आणलं तर चालेल का, एवढंच चैतालीने विचारलं होतं.

सरांनी ते लिहिलं त्या काळी मुलींना स्टेजवर कोणी पाठवत नसे, मुलगे लुगडं नेसायला तयार नव्हते. म्हणून आई पडद्याआड गेली. पुढे लोकांनी नेमका तो पडदाच वाखाणला. तो काढला तर आपल्या नाटकात उरतं काय, या धास्तीने सरांचं पेन अडलं होतं.

शेवटी चैतालीच त्यांना भेस्तानच्या घरून मोपेडवर बसवून वर्गात घेऊन आली. आज एका दिवसापुरती तिने कामं उलटी वाटली होती. बाकावर चार मुली, त्यांत प्रिया काका झालेली. खिडकीला बांधलेल्या चादरीमागे गजेंद्र, म्हणजे आई.

"अहो, ऐकता का?" चादरीमागून गजेंद्र म्हणाला.

"चहा टाक," काका म्हणाले. वर्ग हसला.

"बेन, हे नाटकात नाहीये," गजेंद्रने चैतालीकडे तक्रार केली.

"छानीमानी बेस," प्रियाने त्याला गुजरातीत गप्प बसवलं.

थोड्या वेळाने गजेंद्रचं डोकं बाहेर आलं. "मी नाही बसत इथं. काही दिसत नाही, आपल्याकडे कोणी बघतबी नाही."

"महिनाभर मी बसले ना?" प्रिया म्हणाली. " तेव्हा म्हणायचास, तुझी मजा आहे, कागदात बघून वाचता येतं."

चैताली सरांकडे वळली. "सर, कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही हो म्हणाल तरच बदलेन. नाहीतर प्रिया परत चादरीमागे."

"कळवतो," सर कसेबसे म्हणाले.

"पत्राने का, सर?" गजेंद्रने विचारलं. सरही हसले.

घरी त्यांनी शेवटचा प्रवेश नव्याने लिहायला घेतला. आई बाहेर येते. मग? एकदा तिला रडवलं, एकदा लांबलचक भाषण दिलं. दोन्ही वेळा सरच बोलत होते. तिसरा कागद त्यांनी कोराच ठेवला आणि वेगळ्या कागदावर पत्र लिहिलं:

'चि. चैताली, आईला बाहेर आण. पडद्याची सूचना मी खोडली आहे. बाहेर येऊन ती काय करेल, ते मला लिहिता आलं नाही. प्रियाला ठरवू दे. ती जे करेल ते नाटकात राहील.'

पाकीट चिकटवल्यावरही ते तासभर टेबलावर पडून होतं. मग सरांनी चपला घातल्या आणि भेस्तानच्या टपालपेटीत ते टाकून आले.