कानाडोळा

सगळे तिला स्पीकरवाली ताई म्हणत. घरभर गाणी वाजावीत, पण प्रत्येक खोलीत वेगळी आणि ज्याच्या त्याच्या मनासारख्या आवाजात, अशी सोय करून देणं हे तिचं काम. वीस वर्षं ती हेच करत आली होती आणि त्यातली अठरा वर्षं शिडीवर तिचा नवरा असायचा. तो भोकं पाडायचा, तारा ओढायचा, स्पीकर टांगायचा. सगळं झालं की ताई मध्यभागी डोळे मिटून उभी राहायची आणि सांगायची, "डावीकडचा जरा खाली घ्या. आता थोडा भिंतीकडे वळवा. बास." तिने बास म्हटलं की काम संपलं. तिच्या कानावर दोघांचं घर चालायचं.

चार महिन्यांपूर्वी एका तळघरात दिवसभर ड्रिल चाललं होतं आणि ही कानाला काही न लावता शेजारीच उभी होती. संध्याकाळी डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. दोन दिवसांनी ती थांबली, पण ताईच्या मनात जी पाल चुकचुकली ती काही गप्प बसेना. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. पन्नाशीत त्यांना ऐकू येईनासं झालं, तेही डाव्या कानापासून. ताईला आता एकोणपन्नासावं चालू होतं. ती फोन उजव्या कानाला लावू लागली. जेवायला नवऱ्याच्या डाव्या हाताला बसू लागली, म्हणजे तो आपोआप तिच्या चांगल्या कानाकडे यायचा. डॉक्टरकडे मात्र गेली नाही. डॉक्टरने तोंडातून काढलं की ते खरंच होणार, असं काहीतरी तिने धरून ठेवलं होतं.

अशात सुतारकाकांचं काम आलं.

सुतारकाका सत्तरीचे. दोन वर्षांपूर्वी मधुमेहाने त्यांची नजर नेली. हात मात्र पूर्वीचेच राहिले होते. मागच्या बागेच्या टोकाला त्यांची शेड होती आणि तिथे बसून ते अजून स्टुलांचे पाय घासायचे, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. अडचण शेडपर्यंत जाण्याची होती. स्वयंपाकघराच्या दारापासून सव्वीस पावलं, आणि बरोबर अर्ध्यावर, वाटेच्या उजव्या अंगाला, पाण्याच्या टाकीकडे उतरणाऱ्या तीन दगडी पायऱ्या. म्हणून काकू हात धरून नेत आणि हात धरून आणत. चहाला, जेवायला, औषधाला, पुन्हा चहाला. दिवसातून आठ खेपा, आणि त्यांचा स्वतःचा चहा ओट्यावर गार होऊन जायचा. मध्यंतरी त्यांनी वाटेने दोरी बांधून पाहिली होती.

"दावं झालं," काका म्हणाले. "आता गळ्यात एक घंटा घाला, म्हणजे दूधही काढता येईल."

दोरी त्याच दिवशी सुटली.

स्पीकरची कल्पना काकांचीच. "मला समोरून आवाज दे," ते ताईला म्हणाले होते. "सूत धरल्यासारखा सरळ जातो की नाही बघ."

ताईने घराचे चार भाग पाडले. बैठक, झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि बाग. चारही भागांचं मशीन जिन्याखालच्या कपाटात बसवलं. बैठकीत काकूंच्या मालिका, खोलीत काकांचं वाचून दाखवलेलं पुस्तक, कोणी कोणाच्या मध्ये यायचं नाही. बागेत मात्र तिने चार स्पीकर लावले, पावसापाण्याला दाद न देणारे. दोन शेडच्या दाराच्या दोन बाजूंना, दोन स्वयंपाकघराच्या दाराच्या दोन बाजूंना. निघताना चौकटीवरचं गोल बटण दाबायचं की शेडकडची जोडी बोलू लागेल. दोन्हीकडून सारखा आवाज आला म्हणजे माणूस वाटेच्या मधोमध आहे. परतताना शेडमधलं बटण दाबायचं, की घराकडची जोडी बोलावून घेईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं जोडून झालं. घराकडची जोडी झकास वाजली. मग ताईने शेडकडची सुरू केली, वाटेवर उभी राहिली आणि डोळे मिटले. रेडिओवर कोणी बाई बातम्या देत होती. तिचा आवाज मधोमध यायला हवा होता. तो उजवीकडे सरकलेला होता आणि डावीकडून नुसती कुजबुज.

ताईचा हात डाव्या कानाकडे गेला.

"कसं वाटतंय?" तिने शेडच्या दाराशी उभ्या नवऱ्याला विचारलं.

"खणखणीत!" तो म्हणाला. तो उजव्या स्पीकरला टेकूनच उभा होता, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. तिच्या ध्यानात एवढंच आलं की त्याला नीट येतंय आणि आपल्याला येत नाही.

आवाज मोजायचं यंत्र तिच्या पिशवीत होतं. ते बाहेर काढलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. म्हणूनच तिने ते काढलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा तिने कानाचं न ऐकता नुसतंच "बास" म्हटलं.

"झालं का?" काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. सकाळपासून त्यांना धीर नव्हता. त्यांनी चौकट चाचपली, बटण दाबलं आणि पाऊल टाकलं. काकूंनी पदर तोंडाशी धरला. ताई काकांच्या मागे एक हात अंतर ठेवून चालू लागली.

पाच पावलं सरळ पडली. सहावं जरा उजवीकडे. आठवं आणखी. काका आवाजाच्या मागे निघाले होते, आणि आवाज उजवीकडे होता. दहाव्या पावलाला त्यांची चप्पल वाटेवरून गवतावर गेली आणि पुढे टाकीच्या पायऱ्या होत्या.

"थांबा!" ताईने त्यांचा दंड धरून मागे ओढलं. दोघंही धडपडली, पण उभी राहिली. काकू धावत आल्या.

काका मात्र मान तिरकी करून ऐकत होते. "मुली, तुझं काम वाकडं झालंय," ते म्हणाले. "डावा बोलतच नाहीये."

ताईने त्यांचा दंड अजून सोडला नव्हता. "काय म्हणालात?"

"डाव्याचा आवाज निम्माही नाही. तुला ऐकू येत नाही का?"

"येतं," ती म्हणाली. "म्हणजे, तुम्हालाही तसंच येतंय? डावीकडचाच कमी? नक्की?"

"नजर गेली आहे माझी, कान नाही गेले."

गिऱ्हाईक तोंडावर सांगत होतं की तुझं काम चुकलं, आणि ताईला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. पण चार महिन्यांची भीती एका वाक्याने हटायची नव्हती. काकांचाही डावा कान उताराला लागला असेल तर? दंडावरची तिची पकड आणखी घट्ट झालेली काकांना जाणवली.

"काय झालं, सांग बघू," ते हळू म्हणाले.

आणि जे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते तिने त्या अर्ध्या वाटेवर, गवतात उभं राहून सांगून टाकलं. ड्रिल, शिट्टी, वडील, सगळं. "मला वाटलं माझाच कान. म्हणून मी बोलले नाही. आणि तुम्ही पडला असता, काका. माझ्यामुळे पडला असता."

"पडलो नाही ना? तू मागे होतीस." काकांनी तिचे खांदे धरून तिला वाटेच्या मध्ये उभं केलं. "आता उलटी फिर. शेडकडे पाठ कर. कान दोषी असेल तर तो दोष तुझ्याबरोबर फिरेल. स्पीकर दोषी असेल तर जागच्या जागी राहील."

ही तपासणी तिला ठाऊक नव्हती का? तिने शंभर वेळा शिकवली होती. फक्त स्वतःवर करायची हिंमत झाली नव्हती. ती डोळे मिटून हळूहळू वळली. बातम्या देणारी बाई आता तिच्या डाव्या कानात बोलत होती. स्पष्ट, शब्दन्‌शब्द, आकडे धरून. कुजबुज उजवीकडे गेली होती.

ताईचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

"अगं, काय झालं?" नवरा शेडकडून धावत आला.

"तुमचा डावा स्पीकर मुका आहे!" ती म्हणाली.

"माझा कसा? दोन्ही सारखेच लावलेत मी!"

या स्पीकरांच्या बुडाशी आवाजाची पायरी ठरवणारा एक छोटा खटका असतो. दोघं जाऊन गुडघ्यांवर बसली. ताईने उजव्याचा पाहिला, मग डाव्याचा.

"तिकडे तीस, इकडे पाच."

"दोन्हीकडे तीसच केलंय."

"वाचा बघू."

नवऱ्याने तोंड जवळ नेलं, मग लांब नेलं, मग आणखी लांब. "हल्ली आकडे फारच बारीक छापतात," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष." त्याने मान खाली घातली. "तुला म्हटलं असतं तर तू मला शिडीवर चढू दिलं नसतंस."

ताईला रागवायचं होतं, पण कोणत्या तोंडाने? "आणि मी तुम्हाला कानाचं सांगितलं नाही," ती म्हणाली. "चार महिने."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणून जेवताना माझ्या डावीकडे बसायला लागलीस होय? मला वाटलं, पंख्याचा वारा लागतो तिथे."

वाटेवरून काकांचं हसणं ऐकू आलं. "छान कानाडोळा केलात दोघांनी! तिने कानाचा, तू डोळ्याचा."

खटका तीसवर गेला तेव्हा बातम्या देणारी बाई आपसूक मधोमध येऊन उभी राहिली. तरीही ताईने काकांना त्या दिवशी पुन्हा चालू दिलं नाही. "उद्या येते," ती म्हणाली. "आधी आमची दोघांची दुरुस्ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डॉक्टरांकडे गेली. ताईला काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. बारीकशी टिकटिक ऐकू आली की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर डॉक्टरीण बाईंनी कागद पुढे ठेवला. दोन रेघा, जवळजवळ एकावर एक.

"डावा केसभर मागे आहे," त्या म्हणाल्या. "या वयात इतकं बहुतेकांचं असतं. ड्रिलजवळ कान झाकत चला आणि वर्षातून एकदा येऊन जा. वडिलांचं सांगितलंत ते बरं केलंत, आपण लक्ष ठेवू. पण आज काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

शेजारच्या दवाखान्यात नवऱ्याच्या चष्म्याचा नंबर अडीच निघाला. चष्मा तयार व्हायला चार दिवस लागणार होते, तोवर त्याला शिडीची बंदी झाली आणि त्याने ती मुकाट्याने मान्य केली.

दुपारी ताई पुन्हा त्या बागेत आली. या वेळी तिने यंत्र आधी बाहेर काढलं. दर दोन पावलांवर थांबून आकडे पाहिले, मग यंत्र ठेवून दिलं आणि स्वतः डोळे मिटून सव्वीस पावलं चालली. शेवटच्या पावलाला तिचं बोट शेडच्या कडीला लागलं. टाकीच्या पायऱ्यांपुढे नवऱ्याने कमरेएवढं लाकडी फाटक बसवलं. ते मात्र काकांनीच बनवलेलं होतं, रात्रीतून सुचलं म्हणाले.

"बास?" नवऱ्याने विचारलं.

"बास," ताई म्हणाली.

काकांनी बटण दाबलं आणि निघाले. पहिल्यांदा ताई मागे गेली. दुसऱ्यांदा ती वाटेच्या कडेला उभी राहिली. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "आता तू आत जा बघू. पहारा नको."

ती स्वयंपाकघरात आली. काकू खिडकीचा गज घट्ट धरून उभ्या होत्या. बाहेर काका चालत होते, सरळ, एक हात जरा पुढे, चाल अगदी दुकानात निघालेल्या माणसाची. शेडची कडी वाजली. थोड्या वेळाने लाकडावर पॉलिशपेपर घासल्याचा आवाज येऊ लागला.

काकूंनी गज सोडला. ओट्यावर त्यांचा चहा होता. तो घेऊन त्या खिडकीकडे पाठ करून खुर्चीवर बसल्या. पहिला घोट घेतला आणि कपाकडे बघतच राहिल्या.

"गरम आहे गं," त्या म्हणाल्या. "अजून गरम आहे."