कोमलला आणायला

एसटीत कंडक्टर म्हणून माझी तीस वर्षं गेली. लोणावळ्याच्या स्टँडवर किती हजार वेळा उतरलो असेन, पण चहाच्या टपरीपलीकडे मी काही पाहिलं नव्हतं. त्यामुळे तुंगार्लीच्या अंगाला, बंगल्यांच्या त्या गल्लीत वळलो आणि माझे डोळेच दिपले.

आलो होतो खरं तर भांडायला. माझा चुलतभाऊ नथू आंदर मावळात गावभर सांगत फिरत होता, की गेणूची, म्हणजे माझी, शिकलेली पोरगी लोणावळ्यात लोकांची उष्टी भांडी घासते. कोमल फोनवर सांगायची, "आबा, मी चॉकलेट बनवते." नथूने तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. माझं डोकं फिरलं. तिचे कपडे भरून आणायला रिकामी बॅग घेतली आणि बायकोला, कस्तुराला म्हटलं, चल.

पण त्या गल्लीत राग टिकेल कसा? रस्ता एवढा स्वच्छ, की तोंडातला तंबाखू कुठे टाकावा हे समजेना. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, त्यांवरून निळ्या फुलांचे घोस ओसंडलेले. एका दुकानात नुसत्या मेणबत्त्या. दुसऱ्यात नुसता पाव, पण किती तऱ्हांचा! चंद्रकोरीसारखा, वेणीसारखा, तिळांनी मढवलेला. एक बाई स्वेटर घातलेल्या कुत्र्याला खुर्चीवर बसवून आईस्क्रीम चारत होती.

"आवं, कुत्र्याला सोयटर!" कस्तुरा म्हणाली. "आन् तुमी दहा थंड्या त्या एका मफलरीवर काढल्या."

मी तिला चंद्रकोरीचा पाव घेऊन दिला. पदरावर पडलेला चुरासुद्धा तिने वेचून खाल्ला. मीही एक घास घेतला आणि खरं सांगतो, डोळे मिटले. लोणी आमच्या घरीही होतं, पण ते असं पापुद्र्यापापुद्र्यात लपवता येतं हे मला साठीत कळलं.

कोमल काम करायची ते दुकान जवळ आलं तशी धास्ती वाढली. एवढ्या देखण्या जागेत आमच्या पोरीला भांड्यांवाचून दुसरं काम कोण देणार?

ते दुकान सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात झकपक. काचेचं दार, पितळी मूठ, आत पांढरीशुभ्र फरशी. दार उघडताच आटत्या दुधाचा वास आला. कस्तुराने तिथेच चपला काढल्या.

"आगं, ह्ये काय देऊळ हाय?" मी दटावलं.

"दूध आटतंय न्हवं? जितं शिजतं तितं पायताण न्यायचं न्हाई."

आमच्या चुलीपाशी कुणी चपला घालून जात नाही, हे खरं. पण इथे? गिऱ्हाइकं तिच्या भेगाळलेल्या पायांकडे बघायला लागली. "मावशी, इथे चपला काढत नाहीत," गार्ड म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कोमलने ओळखच दाखवली नाही तर?

तेवढ्यात पांढरी टोपी घातलेली कोमल आतून धावत आली. तीही अनवाणी! सगळ्यांदेखत आईच्या पाया पडली आणि आम्हाला आत घेऊन गेली. आतल्या दाराशी एका मांडणीत चपला-बूट ओळीने लावलेले होते.

"आबा, बूट इथं काढा. वरचे सँडल आमच्या मालकीणबाईंचे. पहिल्या दिवशी मी चपला काढल्या तर सगळे हसले. बाईंनी कारण विचारलं, मी आईचं नाव सांगितलं. तेव्हापासून त्यांनी सगळ्यांना हाच नियम लावलाय."

संगमरवरी ओट्यावर वितळलेलं चॉकलेट पसरलेलं होतं. कोमल पात्याने ते गोळा करायची, पुन्हा पसरायची. "मॅडम, साच्यात ओतू?" शेजारच्या मुलीने विचारलं. "थांब, अजून चमक आली नाही," कोमल म्हणाली. माझ्या पोरीला मॅडम! मी बघतच राहिलो.

"नथूकाका आले तेव्हा मी पातेली घासत होते," ती हसून म्हणाली. "आपली भांडी आपण घासायची, हेही आईचंच." मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "आबा, एवढी मोठी बॅग कशाला?"

मी बॅग पाठीमागे लपवली.

"नथूला चाकलेट न्यायचंय," कस्तुरा म्हणाली. "लय बोलतो. त्वांड भरायचंय त्याचं."

मी बॅगेची चेन उघडली आणि दोन्ही हातांनी पोरीसमोर धरली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.