सकवारबाईंनी बंद केलेली गोळी

मल्हारराव यशवंतपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. ते निवृत्त झाले आणि कंपनीचा आरोग्यविमाही संपला. नवरा-बायको दोघांनाही रक्तदाब. आजार आधीच जडलेला, त्यात वय झालेलं, त्यामुळे नव्या विम्याचा हप्ता ऐकूनच ते परत फिरले. इतकी वर्षं औषधांची बिलं कंपनीकडून परत मिळत, ती आता खिशातून भरायची होती. आपल्यापैकी कितीतरी घरांत ही वेळ येते!

‘‘अण्णा, हीच औषधं जेनेरिक घ्या ना,’’ त्यांच्या नेहमीच्या डॉक्टर भार्गवी म्हणाल्या. ‘‘पुष्कळ स्वस्त पडतील.’’

मल्हाररावांना ते लागलं. ‘‘इतकी वाईट वेळ नाही आली आमच्यावर! स्वस्तातल्या गोळीवर जिवाचा भरवसा ठेवू काय? चांगल्या कंपनीचीच लिहून द्या.’’

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सकवारबाईंनी चिठ्ठीची घडी करून पिशवीत ठेवली.

घरखर्च त्याच चालवत. भाडं, वीज, गॅस आणि वर दोघांची महागडी औषधं. ओढाताण होऊ लागली. नवऱ्याला सांगावं तर त्यांचा मान दुखावणार. शेवटी त्यांनी गुपचूप स्वतःच्या गोळ्या आणणं बंद केलं. मल्हाररावांची गोळी मात्र रोज सकाळी चहाबरोबर त्यांच्या हातात पडे. ‘तू घेतलीस का?’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. सकवारबाईंना दुखत-खुपत काहीच नव्हतं. रक्तदाब असाच असतो, वाढला तरी हाक मारत नाही.

एका सकाळी दोघं बाजारात गेले. शेंगांचा भाव करता करता सकवारबाईंची जीभ जड झाली. शब्द फुटेना. उजव्या हातातली पिशवी गळून पडली.

‘‘अक्का, स्वल्प कूतकोळ्ळी!’’ जरा बसा, असं कानडीत म्हणत भाजीवालीनं त्यांना हाताला धरून पोत्यावर बसवलं. मल्हाररावांनी धावत जाऊन रिक्षा आणली.

इस्पितळात पोचेपर्यंत वाचा परत आली होती. तपासण्या झाल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले, ‘‘मेंदूचा रक्तपुरवठा काही वेळ अडला होता. थोडक्यात निभावलं. दाब फार चढलाय. गोळ्या चालू आहेत ना?’’

सकवारबाईंनी मान खाली घातली. ‘‘दिवाळीपासून बंद आहेत.’’

‘‘अगं, का?’’ मल्हारराव ओरडलेच. ‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘सांगून काय झालं असतं? तुम्हाला स्वस्तातली नको होती. दोघांची महागातली परवडेना. म्हटलं, तुमची तरी चालू राहू दे.’’



इस्पितळातून घरी सोडल्यावर मल्हारराव सकवारबाईंना घेऊन भार्गवींकडे गेले. ‘‘डॉक्टर, खरं सांगा. स्वस्त गोळी लागू पडते काय?’’

‘‘अण्णा, दाब उतरवणारं मूळ औषध दोन्हींत एकच, मात्राही तीच. महाग गोळीत आपण बरेच पैसे नावाचे मोजतो. परवाना असलेल्या दुकानातून बिल घेऊन घ्या, मनानं काही बदलू नका आणि दाब मोजायला येत राहा. लागू पडते की नाही, ते यंत्रच सांगेल. पण जी गोळी पोटातच जात नाही, ती कितीही मोठ्या कंपनीची असली तरी कुणाला लागू पडत नाही!’’

दुसऱ्याच दिवशी मल्हारराव स्वस्त जेनेरिक औषधं मिळणाऱ्या सरकारी योजनेच्या जनऔषधी केंद्रात गेले. पायरीशी क्षणभर घुटमळले, ओळखीचं कुणी पाहील म्हणून. मग स्वतःचीच चीड आली. ‘तिचा जीव जात होता आणि मी अजून माझी अब्रू सांभाळतोय!’ ते आत शिरले आणि दोघांचीही औषधं मागितली.

पुढच्या तपासणीत दोघांचाही दाब आटोक्यात होता.

समाजाच्या एका लग्नात त्यांचे जुने सहकारी प्राणेश पंगतीत ऐटीत म्हणाले, ‘‘ते जेनेरिक-बिनेरिक आपल्यासारख्यांसाठी नाही हो.’’

एरवी मल्हाररावांनी मान डोलावली असती. आज त्यांनी हातातला घास खाली ठेवला. ‘‘आमच्यासारख्यांसाठीच आहे. मीही असंच म्हणत होतो, आणि माझी ऐट माझ्या बायकोच्या जिवावर बेतली. प्राणेश, घरी गेल्यावर वहिनींना एवढं विचारा, त्यांची गोळी चालू आहे ना?’’



बंधू-भगिनींनो, औषधाची किंमत म्हणजे त्याचा गुण नव्हे. परवडत नसेल तर गोळी सोडू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यात लाज कसली? आणि घरात कुणी न बोलता स्वतःचं औषध बंद करत असेल, तर तो त्याग म्हणून मिरवू नका. त्या माणसाला आधी विचारा!